प्रस्तावना : हवेला भिडणारा थर

१९२५ मध्ये हार्वर्डच्या वोल्बाक आणि हाऊ या दोघांनी रॅटना अ जीवनसत्त्व वगळलेला आहार दिला आणि नंतर त्यांच्या एकेका अवयवाचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. श्वासनलिकेत त्यांना विलक्षण गोष्ट दिसली. तिथला ओलसर, कफ स्रवणारा, पक्ष्माभिका (पेशींवरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू) हलवणारा थर नाहीसा झाला होता आणि त्या जागी त्वचेला शोभेल असा चपट्या, केराटिनने भरलेल्या पेशींचा थर आला होता. पेशी जिवंतच होत्या, पण नेमून दिलेले काम सोडून भलतेच रूप घेऊन बसल्या होत्या. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर हाच बदल प्राण्याच्या शरीराबाहेर, प्लास्टिकच्या डिशमध्ये घडवता आला. मीडियममधून, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवातून, रेटिनॉइक आम्ल हे अ जीवनसत्त्वाचे कार्यरत रूप काढून घेतले की रॅटच्या श्वासनलिकेच्या पेशी चपट्या होतात आणि ते परत घातले की कफ व पक्ष्माभिका यांच्या वाटेला लागतात.

या दोन प्रयोगांच्या मधल्या आणि नंतरच्या काळाची गोष्ट हे पुस्तक सांगते. एका प्राण्यात दिसलेली घटना त्याच प्राण्याच्या पेशींमध्ये, डिशमध्ये, पुन्हा घडवून पाहणे हे वाटते तितके साधे काम नाही. रॅटच्या प्राथमिक श्वासमार्ग पेशींचे खरे मोल मला याच कामात दिसते. या पेशींकडे माणसाच्या पेशींचा स्वस्त पर्याय म्हणून पाहिले की त्या निराश करतात. डिश आणि प्राणी यांच्यात हिशेब जुळवण्याची जागा म्हणून पाहिले, तर त्यांच्या तोडीचे साधन श्वसनसंशोधनात फारसे नाही.

नवख्या वाचकासाठी आधी त्या थराबद्दल. प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर येणारी धूळ, धूर, परागकण, जीवाणू, विषाणू यांची पहिली गाठ पडते ती नाकापासून बारीक श्वसनिकांपर्यंत पसरलेल्या अभिस्तराशी. शाळेच्या पुस्तकात याची 'पक्ष्माभिकामय स्तंभीय अभिस्तर' अशी एका ओळीत बोळवण होते. प्रत्यक्षात तो मिश्र वस्तीचा थर आहे. तळाशी आधारपेशी असतात. बाकीच्या पेशी बऱ्याच अंशी त्यांच्यापासून तयार होतात. वर पक्ष्माभिकाधारी पेशी असतात आणि त्यांतल्या एकेकीवर दोनशेच्या आसपास पक्ष्माभिका हलत असतात. त्यांच्या अधूनमधून कफ करणाऱ्या गॉब्लेट पेशी, पातळ स्राव देणाऱ्या सीरस पेशी आणि क्लब पेशी. क्लब पेशी पूर्वी क्लारा पेशी म्हणून ओळखल्या जात. माक्स क्लारा याने नाझी राजवटीत देहदंड दिलेल्या कैद्यांच्या ऊती वापरल्या होत्या, म्हणून श्वसनविज्ञानाच्या नियतकालिकांनी २०१३ पासून ते नाव सोडले. वस्तीची यादी अजून पुरी झाली आहे असेही नाही. आयनोसाइट ही विरळ पेशी २०१८ साली सापडली, आणि सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाशी निगडित सीएफटीआर जनुक तिच्यातच सर्वाधिक जोमाने व्यक्त होते, हे पाहून या विषयातले जुनेजाणतेही चकित झाले.

प्रत्येक प्राण्यात ही वस्ती सारखी नसते. माणसाच्या मोठ्या श्वासमार्गात गॉब्लेट पेशी सहज दिसतात. माउसच्या श्वासनलिकेत क्लब पेशींचे राज्य असते. रोगमुक्त वातावरणात वाढवलेल्या रॅटमध्ये सीरस पेशी भरपूर आणि गॉब्लेट पेशी थोड्या. १९७५ मध्ये जेफरी आणि रीड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रॅटच्या श्वासमार्गातील पेशींची काटेकोर मोजदाद केली आणि पुढच्या संशोधकांना आधाररेषा मिळाली.

लिन रीड यांचे नाव इथे थोडे थांबून घ्यायला हवे. १९५२ च्या धुरक्याने लंडनला हादरवले, त्यानंतरच्या काळात जुनाट ब्राँकायटिस हा ब्रिटनमधला मोठाच प्रश्न होता. या रोगात श्वसनीतल्या श्लेष्मग्रंथी किती वाढतात ते मोजण्याची रीड यांची पद्धत आजही 'रीड निर्देशांक' म्हणून शिकवली जाते. पण मेलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसातून रोगाची सुरुवात कळत नाही. म्हणून त्या रॅटकडे वळल्या. १९६८ मध्ये लॅम्ब आणि रीड यांनी रॅटना सल्फर डायऑक्साइडमध्ये ठेवून दाखवले, की पेशीविभाजन वाढते, गॉब्लेट पेशींची संख्या चढते आणि कफाची रासायनिक जातही बदलते. मूळच्या थोड्या गॉब्लेट पेशी हा रॅटचा दोष इथे गुण ठरला. पाटी जवळजवळ कोरी असल्यामुळे तिच्यावर उमटलेले स्पष्ट वाचता आले.

रीड यांचे घराणे विकृतिशास्त्राचे. दुसरे घराणे उभे राहिले ते कर्करोगाच्या प्रश्नातून. अमेरिकेत ओक रिज येथे आणि नंतर नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रायँगल पार्क येथे पॉल नेटेसहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅटच्या श्वासनलिकेभोवती एक अख्खी कार्यशाळाच मांडली. श्वासनलिका एका रॅटमधून काढून दुसऱ्याच्या त्वचेखाली बसवायची आणि तिच्यात कर्कजनक द्रव्य सोडायचे. किंवा तीच नलिका वारंवार गोठवून-वितळवून तिच्यातल्या पेशी मारायच्या आणि मोकळ्या झालेल्या सांगाड्यात हव्या त्या पेशी पेरायच्या. ही दुसरी युक्ती पुढे सिस्टिक फायब्रोसिसच्या संशोधकांनी उचलली आणि रॅटच्या रिकाम्या श्वासनलिकेत माणसाच्या पेशी वाढवल्या. दरम्यान पेशी सुट्या करून डिशमध्ये वाढवण्याचे तंत्रही बसत गेले. १९८६ पर्यंत सीरमविरहित मीडियममध्ये रॅटच्या पेशींच्या वसाहती वाढवून त्यांचे कर्करोगाच्या दिशेने होणारे रूपांतर मोजता येऊ लागले. या चाचणीचा उपयोग पुढे कर्करोग रोखू शकतील अशी द्रव्ये चाळण्यासाठी झाला. आज तिचा बोलबाला उरलेला नाही, पण तिच्यासाठी घडवलेली मीडियमची कृती थोड्याफार फरकाने आपण अजून वापरतो.

त्या काळच्या कल्चरमध्ये एक उणीव मात्र राहून गेली. पेशी वाढत, पण श्वासमार्गासारख्या दिसत नसत. मीडियमखाली बुडालेली पेशी हवा कधी पाहतच नाही. १९८८ मध्ये व्हिटकट, ॲडलर आणि वू यांनी दोन कप्प्यांची रचना मांडली. पेशी सच्छिद्र पडद्यावर, खालून मीडियम, वरून हवा. त्यांनी ती गिनीपिगच्या पेशींवर दाखवली. १९९३ मध्ये कार्टिनेन, नेटेसहाइम, ॲडलर आणि रँडेल यांनी रॅटच्या पेशींमध्ये याच मार्गाने पक्ष्माभिका आणि कफ दोन्ही मिळवले. माउससाठी अशी सोयीची पद्धत रूढ व्हायला २००२ साल उजाडावे लागले. माउसची श्वासनलिका इतकी लहान, की एका प्राण्यातून एक-दोन लाख पेशी मिळाल्या तरी पुष्कळ. रॅटमध्ये ती ओढाताण बरीच कमी होते.

आता हे काम हाताने कसे होते ते थोडे जवळून पाहू, कारण या विषयातले निम्मे वाद हातातल्या फरकांमुळे होतात. रॅटची श्वासनलिका तीनेक सेंटिमीटरची. ती काढून, वरची चरबी आणि स्नायू सोडवून, आत प्रोनेज हे प्रथिनपाचक विकर भरतात आणि रात्रभर चार अंश सेल्सिअसला ठेवतात. थंडीत विकर धिम्या गतीने काम करते. अभिस्तर तळपटलापासून सुटतो आणि खालच्या संयोजी ऊतीतले फायब्रोब्लास्ट बहुतांशी जागच्या जागी राहतात. घाई करून हेच काम ३७ अंशांवर तासाभरात उरकायला गेले, तर पेशी मिळतात पण त्यांत फायब्रोब्लास्टही येतात, आणि आठवड्यानंतर डिशवर त्यांचेच राज्य असते. म्हणून दुसऱ्या दिवशी धुवून घेतलेल्या पेशी आधी तास-दोन तास साध्या प्लास्टिकवर ठेवतात. फायब्रोब्लास्ट पटकन चिकटतात, अभिस्तराच्या पेशी तरंगत राहतात. तरंगणाऱ्या पेशी उचलून कोलॅजन लावलेल्या इन्सर्टवर पेरायच्या. इन्सर्ट म्हणजे वाटीत बसवलेली लहान वाटी, जिच्या तळाला ०.४ मायक्रॉनची छिद्रे आहेत.

पहिले पाच-सात दिवस पेशी दोन्ही बाजूंनी मीडियममध्ये असतात. थर सलग झाला की वरचे मीडियम काढून घेतात. इथे एक परीक्षा यंत्राशिवाय होते. दुसऱ्या दिवशी वरची बाजू कोरडी असेल तर थर घट्ट जमला आहे. खालून मीडियम झिरपून वर आले असेल तर कुठेतरी भोक आहे. विद्युतरोध मोजणारे यंत्र हेच आकड्यात सांगते, पण अनुभवी माणूस प्लेट तिरकी धरूनच ओळखतो. पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली एखाद्या कोपऱ्यात किंचित थरथर दिसू लागते, मग ती पसरते. वर साचलेल्या कफात अडकलेला पेशींचा कचरा कधीकधी गोल गोल फिरताना दिसतो. पक्ष्माभिका नुसत्या हलत नाहीत, एका दिशेने हलत आहेत, याची ती खूण. ज्याने हे पहिल्यांदा पाहिले तो बराच वेळ आयपीसवरून डोळा काढत नाही, हे मी अनेक विद्यार्थ्यांत पाहिले आहे.

या पेशींना 'प्राथमिक' म्हणतात त्यातच त्यांची मर्यादा आहे. एका पॅसेजनंतर (पेशी उचलून नव्या डिशमध्ये पेरण्याच्या फेरीनंतर) दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा असे करत गेले की त्यांची पक्ष्माभिका घडवण्याची क्षमता ओसरते. रो-किनेज रोधकाचा वापर आणि २०१६ मध्ये मांडला गेलेला स्मॅड संदेशमार्ग रोखण्याचा उपाय यांनी आधारपेशींचे आयुष्य बरेच वाढवले आहे. तरीही फ्रीजरमध्ये ठेवून वर्षानुवर्षे वापरायच्या पेशींशी त्यांची तुलना होत नाही. सोयीच्या मोहाने मग लोक अमर पेशीवंशांकडे जातात. यात एसपीओसी-१ सारखे रॅटच्या श्वासनलिकेतूनच आलेले, कफाच्या अभ्यासाला खरोखर उपयोगी पडलेले वंशही आहेत. पण १९७२ मध्ये ५८ वर्षांच्या एका पुरुषाच्या फुफ्फुसातील गाठीतून काढलेला ए-५४९ हा वंश श्वासमार्गाचा प्रतिनिधी म्हणून वापरलेले शोधनिबंध अजून छापून येतात, याचे मला नवल वाटते. तो वायुकोशांच्या बाजूचा, कर्करोगी आणि पक्ष्माभिका नसलेला आहे. सोयीस्कर आहे, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

तिसरे घराणे आयनांचे. सीएफटीआर जनुक १९८९ मध्ये सापडले आणि श्वासमार्गाच्या पृष्ठभागावर सोडियम, क्लोराइड आणि पाणी यांची ये-जा कशी होते हा प्रश्न एकदम रोगाच्या केंद्रस्थानी आला. पेशींचा थर उसिंग यांच्या कप्प्यात बसवून आयनांचा प्रवाह मोजणे हे या घराण्याचे मुख्य हत्यार. सीएफटीआर काढून टाकलेले माउस तयार झाले, पण त्यांची फुफ्फुसे माणसासारखी आजारी पडेनात. २०१४ मध्ये सीएफटीआर नसलेले रॅट तयार झाले, तेव्हा चित्र बदलले. माउसच्या श्लेष्मग्रंथी श्वासनलिकेच्या वरच्या टोकापुरत्या असतात, रॅटच्या अधिक पसरलेल्या. अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील गटाने दाखवले, की या रॅटमध्ये लहान वयात पृष्ठभागावरचा द्रव कमी असूनही कफाचे वहन बऱ्यापैकी चालते; ग्रंथी पक्व झाल्यावर, सहा महिन्यांच्या सुमारास कफ घट्ट होतो आणि वहन अडते. निव्वळ पृष्ठभागाच्या पेशी वाढवलेल्या डिशमध्ये ग्रंथी नसतात, त्यामुळे हा उत्तरार्ध तिथे दिसणारच नाही. डिश आणि प्राणी शेजारी ठेवल्याचा फायदा म्हणतात तो हा. पहिल्याने काय सांगितले आणि काय सांगायचे राहिले, हे दुसऱ्यामुळे कळते.

विषशास्त्रात या तुलनेला अधिकच धार येते. हवेतून येणाऱ्या द्रव्यांच्या नियामक चाचण्या दशकानुदशके रॅटवर झाल्या आहेत. भोपाळच्या दुर्घटनेनंतर मिथाइल आयसोसायनेटने फुफ्फुसाचे नेमके काय होते हे तपासायची वेळ आली, तेव्हाही रॅट आणि माउस यांनाच हा वायू देण्यात आला. श्वासमार्गाचा अभिस्तर सोलून निघतो आणि तो नीट भरून न आल्यास श्वसनीच्या पोकळीत तंतुमय ऊती वाढतात, हे त्या अभ्यासांतून पुढे आले. मात्र प्राणी नेहमी माणसासारखा वागतो असे नाही, आणि दोन प्राणी एकमेकांसारखे वागतात असेही नाही. डांबराच्या गोळ्यांमधले नॅप्थलीन माउसच्या क्लब पेशी अक्षरशः झाडून काढते, कारण त्या पेशींतले एक विकर नॅप्थलीनचे विषारी रूप घडवते. रॅटच्या श्वासमार्गाला तेवढ्याच मात्रेने फारसे काही होत नाही, पण त्याच रॅटच्या नाकातल्या अभिस्तराला इजा होते. उलट, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा कार्बन ब्लॅक यांची धूळ प्रचंड प्रमाणात दिल्यावर फुफ्फुसात गाठी येतात त्या रॅटमध्ये. माउस आणि हॅमस्टरमध्ये तसे दिसत नाही. मग माणसाबद्दल काय म्हणायचे?

या प्रश्नाला सोबेल्स यांनी उत्परिवर्तनांच्या संदर्भात सुचवलेले उत्तर समांतरभुज चौकोन म्हणून ओळखले जाते. एका कोपऱ्यात जिवंत रॅट, दुसऱ्यात रॅटच्या पेशी, तिसऱ्यात माणसाच्या पेशी. या तिन्हींवर प्रयोग करता येतात. चौथ्या कोपऱ्यात जिवंत माणूस. त्याच्यावर विष टाकून पाहता येत नाही, म्हणून तिथले उत्तर बाकी तिघांवरून काढायचे. यात रॅटच्या पेशींचा कोपरा गाळला तर चौकोन मोडतो. माणसाच्या पेशींनी डिशमध्ये जे दाखवले त्यातले किती द्रव्यामुळे आणि किती डिशमुळे, हे सांगायला मग कोणी उरत नाही. माणसाच्या पेशी आता विकत मिळतात, तेव्हा रॅटच्या कशाला, असे विचारणाऱ्यांना मी हा चौकोन काढून दाखवतो.

हे सगळे मराठीत आत्ताच का आणायचे? एक कारण रोगाचे. भारतात सीओपीडी या जुनाट, श्वास अडवणाऱ्या फुफ्फुसरोगाच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होती, ती २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाखांवर गेल्याचा अंदाज आहे. यातले कित्येक जण कधीच धूम्रपान न केलेले आहेत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याच रुग्णांकडे जगाचे लक्ष वेधले होते. चुलीचा धूर, डासांची अगरबत्ती, बांधकामाची धूळ, वाहनांचा धूर ही आपल्याकडची सरमिसळ आहे. परदेशातल्या सिगारेटच्या धुराच्या प्रयोगांवरून तिचे पूर्ण उत्तर मिळणार नाही. प्रयोग इथेच करावे लागतील.

दुसरे कारण कायद्याचे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांसाठी मांडलेली पर्याय, घट आणि सुधारणा ही त्रिसूत्री आता नियमांत उतरते आहे. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समिती आणि प्रत्येक संस्थेतली प्राणी नैतिकता समिती यांच्या मंजुरीशिवाय रॅटला हात लावता येत नाही. मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत बदल होऊन पेशींवर आधारित चाचण्यांनाही जागा मिळाली. त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेने तसाच कायदा केला होता. प्राथमिक पेशींसाठी प्राणी लागतोच, हे लपवण्यात अर्थ नाही. पण एका श्वासनलिकेतून अनेक इन्सर्ट भरतात. एकाच प्राण्याच्या पेशींवर मात्रा, वेळ आणि नियंत्रण गट असे सगळे मांडता येते. दुसऱ्या मंजूर प्रयोगात मारल्या जाणाऱ्या प्राण्याची श्वासनलिका कचऱ्यात जाऊ न देता मागून घेता येते. प्राणीघराशी बोलून ठेवले तर हे सहज जमते. आपल्याकडे मात्र शेजारच्या विभागात काय चालले आहे याची चौकशी फार थोडे जण करतात.

तिसरे कारण भाषेचे. पदव्युत्तर वर्गात येणारी पुष्कळ मुले मराठी माध्यमातून आलेली असतात. कृती त्यांना पाठ असते, पण विकर थंडीतच का वापरायचे असे विचारले की उत्तर येत नाही, कारण कृती त्यांनी इंग्रजीत पाठ केलेली असते आणि कारण कुणी कोणत्याच भाषेत सांगितलेले नसते. या पुस्तकाने कारणांना कृतीइतकीच जागा दिली आहे. प्रयोगशाळेत रुळलेले शब्द त्याने तसेच ठेवले आहेत. 'इन्सर्ट'ला किंवा 'पॅसेज'ला संस्कृत शब्द घडवत बसण्यापेक्षा ते काय करतात हे सांगणे जास्त उपयोगाचे, हा लेखकांचा निर्णय मला पटतो.

पुस्तक सगळे सांगत नाही. वायुकोशांच्या पेशी, ऑर्गनॉइड आणि चिपवरची फुफ्फुसे यांना ते ओझरता स्पर्श करून सोडते. विषाणूंवरचा भाग मला थोडा मोठा हवा होता. कोविडचा मूळ विषाणू रॅटच्या ग्राहक प्रथिनाला नीट जुळत नव्हता आणि पुढचे काही उपप्रकार जुळू लागले, या एका गोष्टीवर स्वतंत्र प्रकरण होऊ शकले असते. उलट, बिघडलेल्या कल्चरची छायाचित्रे आणि त्यांची कारणमीमांसा यांना दिलेली पाने मला सर्वांत मोलाची वाटली. फायब्रोब्लास्टने भरलेली डिश, मायकोप्लाझ्माने पोखरलेली प्लेट, पक्ष्माभिका न उगवलेला थर, असे सगळे तिथे आहे. शोधनिबंधांत ही छायाचित्रे सहसा येत नाहीत.

ज्यांना उद्याच पिपेट हातात घ्यायची आहे त्यांनी आधी ती पाने चाळावीत आणि मग पद्धतींकडे वळावे. ज्यांना फक्त विषय समजून घ्यायचा आहे त्यांनी इतिहासापासून सुरुवात करून आकृत्यांवर वेळ घालवावा, तक्ते सोडले तरी चालतील. प्राणी नैतिकता समितीचे सदस्य असलेल्या बिगरवैज्ञानिक वाचकांसाठी एका श्वासनलिकेतून किती इन्सर्ट भरतात याचा हिशेब मांडलेला भाग आहे. पुढच्या बैठकीला जाताना तो सोबत असू द्यावा आणि अर्जदाराला त्यातलेच प्रश्न विचारावेत.